धर्माकडे खात्री नको, सोबत मागू

पुण्यात धर्मावरचा वाद नवा नाही. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो इथेच. रानडे-भांडारकरांचा प्रार्थना समाज इथे रुजला, टिळकांनी घरातला गणपती चौकात आणला, हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं तेही याच शहरात. ही सगळी माणसं एका खोलीत बसली असती तर कडाडून भांडली असती. पण एक गोष्ट प्रत्येकाने धरून चालली होती: धर्म माणसापर्यंत पोचतो तो घर, जात, आळी आणि गाव यांच्या मार्फत. म्हणून धर्म बदलायचा तर समाज हलवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आज ते गृहीतच सुटलं आहे. आजच्या पुण्यात धर्म एकेकट्या माणसाला गाठतो, बहुतेक वेळा त्याच्या मोबाइलवर, आणि नेमका तो घाबरलेला असताना. त्यामुळे 'देव आहे की नाही' यावर आपण कितीही वेळ वाद घातला, तरी माझ्या मते तातडीचा प्रश्न वेगळा आहे. घाबरलेल्या आणि एकट्या पडलेल्या माणसाला धर्म काय देतो? आणि त्याच्या बदल्यात त्याच्याकडून काय घेतो?

आधी या भीतीबद्दल. एका पिढीमागे पिंपरी-आकुर्डीच्या पट्ट्यात 'टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) लागला' एवढं सांगितलं की मुलीच्या बापाला पुढचं काही विचारावं लागत नसे. त्या दोन शब्दांत कंपनीची बस, कँटीन, युनियन, प्रॉव्हिडंट फंड आणि निवृत्तीपर्यंतची निश्चिंती आलेली असे. आज हिंजवडीत पगार त्याच्या कितीतरी पट आहे, पण प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर, म्हणजे कामाविना बसून, तिथून कामगिरी सुधारण्याच्या नोटिशीवर, आणि एका सकाळी एचआरच्या मीटिंगचं निमंत्रण. वाकडमधल्या फ्लॅटचे हप्ते मात्र वीस वर्षांचे. नेट-सेट झालेली मुलं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि सुट्टीत त्यांना पगार नसतो. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराचा आयडी ॲपने बंद केला तर दाद कुणाकडे मागायची हे त्याला ठाऊक नसतं. सरकारी नोकरीलाही आता जुना अर्थ राहिलेला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले होते. कोथरूडमध्ये तीन बेडरूमच्या घरात दोनच म्हातारी माणसं राहतात, आणि रात्री छातीत दुखलं तर अमेरिकेतल्या मुलाला फोन लावायचा की शेजारच्यांना उठवायचं, याचा विचार करत बसतात.

असुरक्षितता पूर्वी नव्हती असं कुणी म्हणणार नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये या शहराने घरंच्या घरं ओस पडलेली पाहिली. दुष्काळ होते, बाळंतपणात बायका मरत होत्या. पण प्लेग साऱ्या गावावर आला होता. आजचं संकट एकेकाला वेगळं गाठून येतं. नोकरी जाते ती बंद खोलीत, एकट्याची. ती गेल्याचं माणूस शेजाऱ्याला सांगत नाही, कधी कधी बायकोलाही सांगत नाही. लॅपटॉपची बॅग घेऊन सकाळी घराबाहेर पडत राहतो. कारण आजूबाजूचं सगळं जग त्याला एकच ऐकवत असतं: तुझंच काहीतरी कमी पडलं. कौशल्य वाढव, नेटवर्क वाढव, सकारात्मक राहा. अर्थव्यवस्थेतली उलथापालथ त्याच्या खात्यावर वैयक्तिक नालायकी म्हणून जमा होते. मला तरी हीच आपल्या काळाची सर्वांत क्रूर गोष्ट वाटते.

ही क्रूरता पाहायची असेल तर शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला, नवी पेठ आणि सदाशिव पेठेत जावं. स्पर्धा परीक्षेसाठी बीडहून, नांदेडहून, यवतमाळहून आलेली मुलं-मुली तिथे कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, भिंतीतल्या कपाटाचा एक खण, अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं, मेसचा डबा. भिंतीवर राज्यघटनेची कलमं आणि वेळापत्रक चिकटवलेलं असतं, आणि त्याच्या शेजारी कुणाचे स्वामी समर्थ, कुणाचे बाबासाहेब, कुणाचा दगडूशेठचा गणपती. अर्ज लाखांनी येतात, पदं शेकड्यांनी असतात. हे गणित मांडलं की बहुसंख्यांचं अपयश आधीच ठरलेलं आहे, त्यांनी कितीही अभ्यास केला तरी.

निकाल लागतो, नाव नसतं. घरी फोन करावा लागतो. आणि तिकडून आई म्हणते, "जाऊ दे रे बाळा, नशिबात नव्हतं. देवाच्या मनात आलं की होईल."

बुद्धिवादी माणसाला हे वाक्य खटकतं. दैववाद म्हणून आपण ते बाजूला सारतो. पण त्या क्षणी ते वाक्य काय काम करतं ते नीट पाहिलं पाहिजे. सगळं जग त्या मुलाला सांगत असतं की तू हरलास कारण तू कमी आहेस. आईचं वाक्य त्याला सांगतं की तू कमी नाहीस. सगळं तुझ्या हातात नव्हतं. आणि हे खरं आहे! त्यातला देव बाजूला ठेवला तरी शिल्लक राहतं ते अचूक समाजशास्त्र आहे. सगळं खरोखरच त्याच्या हातात नव्हतं. क्लासच्या जाहिरातीपेक्षा त्या आईचं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ जातं.

मार्क्सने धर्माला अफू म्हटलं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा आणि हृदयशून्य जगाचं हृदय म्हटलं होतं, हे मात्र सोयीने विसरलं जातं. १८४४ साली अफू हे दुखणं शमवायचं औषधही होतं. दुखणं आहे, म्हणून ती लागते.

अर्थात 'नशिबात नव्हतं' या वाक्याची दुसरी बाजूही आहे. ते मुलाला वाचवतं तसं व्यवस्थेलाही वाचवतं. रखडलेली भरती, पुढे ढकललेल्या परीक्षा, वर्षानुवर्षं रिकामी ठेवलेली पदं, सगळं एका फटक्यात देवाच्या माथी जातं. पण म्हणून श्रद्धाळू माणूस आपोआप गप्प बसतो असं समजणं चूक ठरेल. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली, तेव्हा हीच मुलं रात्रीपर्यंत शास्त्री रस्त्यावर ठाण मांडून बसली होती. त्यांतल्या किती जणांच्या खिशात अंगारा असेल, गळ्यात तुळशीची माळ असेल! त्या दिवशी कुणी नशिबाचं नाव काढलं नाही. सोबत होती, म्हणून धीर होता, आणि दोष कुणाचा हे स्पष्ट दिसत होतं.

मला जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. धर्म माणसाला दोन वेगळ्या गोष्टी देऊ करतो. एक खात्री, दुसरी सोबत. आपण त्या एकच समजतो. खात्री म्हणजे हे केलंस तर ते होईल: हा उपवास, हा खडा, ही शांत, ही प्रदक्षिणा. सोबत म्हणजे काहीही झालं तरी आम्ही आहोत. खात्री धर्माला कधीच देता आलेली नाही आणि येणारही नाही; जो ती विकतो तो फसवतो. सोबत मात्र तो देऊ शकतो, शतकानुशतकं देत आला आहे. आणि आपल्या काळाची शोकांतिका अशी की खात्रीचा बाजार फोफावला आहे आणि सोबत आटत चालली आहे.

हा बाजार आपल्या डोळ्यांसमोर आहे. मिनिटाच्या दराने ज्योतिषी देणारी ॲप्स आहेत. ऑनलाइन पूजा आहे, तिचा प्रसाद कुरिअरने येतो. पैसे भरून लवकर दर्शन आहे, म्हणजे देवासमोरही रांगेतल्या बाकीच्यांशी आपला संबंध नाही. वास्तुतज्ज्ञ कर्ज काढून घेतलेल्या घराचं स्वयंपाकघर हलवायला सांगतो. सुशिक्षित वर्गासाठी याचीच सोवळी आवृत्ती आहे: शनिवार-रविवारचं शिबिर, श्वासोच्छ्वास, मनःशांती, आणि सोमवारी पुन्हा तीच बारा तासांची नोकरी. रजनीश १९७४ साली कोरेगाव पार्कात आले तेव्हा सगळ्या सामाजिक बंधनांतून सुटलेल्या व्यक्तीचं अध्यात्म ही पुण्याला धक्का देणारी कल्पना होती. आज तीच रूढ झाली आहे. ध्यानाने बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. माझी हरकत अशी की हे सगळं त्या माणसाला त्याच्या एकटेपणातच ठेवतं. त्याचा ताण हा त्याचा प्रश्न, त्याची शांतीही त्याची त्यानेच मिळवायची. ज्या जगाने त्याला आजारी पाडलं त्या जगाचंच तत्त्वज्ञान औषध म्हणून त्याला परत दिलं जातं.

एकटेपणाला कंटाळलेल्या माणसापुढे दुसरा सोपा रस्ता उघडतो तो गर्दीचा. दणदणाटाच्या भिंती, डोळे दिपवणारे लेझर, भगव्या किंवा हिरव्या झेंड्यांची रॅली, आणि समोर कुणीतरी शत्रू. गर्दीत सोबतीचा भास होतो. ज्याला नोकरीत कुणी विचारत नाही, घरात कुणी मोजत नाही, त्याला तिथे चार तास आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. पण उद्या त्याची आई दवाखान्यात असेल तर ती गर्दी रक्त द्यायला येईल का, याची शाश्वती कुणी देत नाही. गर्दीला त्याचं नावही माहीत नसतं. तिला हवा असतो त्याचा आवाज आणि राग. आपल्या असुरक्षिततेचं खरं कारण शोधण्याऐवजी ती शेजारच्या मोहल्ल्याकडे किंवा पलीकडच्या वस्तीकडे बोट दाखवते. असुरक्षित समाजात धर्माचा याहून घातक उपयोग नाही.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. शिंदे स्वतः प्रार्थना समाजाचे प्रचारक, पक्के ईश्वरनिष्ठ. आणि त्याच निष्ठेपोटी त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध जन्मभर काम केलं. देव मानणाऱ्या सुधारकाच्या नावाच्या पुलावर अंधश्रद्धेशी लढणाऱ्या माणसाचा खून झाला, हे मनात आलं की आजही अंगावर काटा येतो. दाभोलकरांचा झगडा शोषणाशी होता, म्हणजे खात्री विकणाऱ्यांशी. त्यांच्या मृत्यूनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, २०२४ मध्ये दोघांना जन्मठेपही झाली. पण खात्रीचं गिऱ्हाईक कमी झालं का? झालं नाही, आणि नुसत्या कायद्याने ते होणारही नाही, कारण गिऱ्हाईक तयार करणारी भीती जिथल्या तिथे आहे.

पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या दोन अभ्यासकांनी २००४ साली अनेक देशांतल्या सर्वेक्षणांच्या आधारे मांडलं की जिथे लोकांना जगण्याची मूलभूत शाश्वती मिळते तिथे धार्मिकतेचा जोर ओसरतो. स्वीडन-नॉर्वेतली चर्चं ओस पडली, त्यामागे विज्ञानाच्या पुस्तकांइतकाच, कदाचित जास्तच, बेकारभत्ता, सार्वजनिक दवाखाना आणि पेन्शन यांचा हात आहे. या मांडणीला अपवाद आहेत, पण आपल्यासाठी त्यातला धडा सरळ आहे. ज्याला नवससायास कमी व्हावेत असं मनापासून वाटतं त्याने ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या खाटा वाढाव्यात म्हणून भांडलं पाहिजे. कंत्राटी कामगाराच्या हक्काच्या रजेसाठी भांडलं पाहिजे. जे काम शासनाचं आहे ते देवावर सोडणं हा देवावरही अन्याय आहे.

पण पोट भरलं, पेन्शन मिळाली, तरी माणसाला माणूस लागतोच. इथे मला वारीकडे बोट दाखवावंसं वाटतं, आणि तेही भाबडेपणाने नाही.

माउलींच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळांचा एकच कल्लोळ उठतो. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात आणि क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात. कुठे पाण्याचा टँकर पोचलेला नसतो, कुठे चालण्याच्या क्रमावरून दोन दिंड्यांत खटका उडालेला असतो. तक्रारीचा निवाडा होतो, हरवलं-सापडलं पुकारलं जातं, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते. मग आरती. म्हणजे गाऱ्हाणं ऐकलं जाईपर्यंत देवाची आरतीसुद्धा थांबते! ज्या शहरातल्या कंपन्यांत तक्रार करणाऱ्याचं नाव आधी कापलं जातं, त्या शहरातून ही पालखी दर वर्षी जाते, भवानी पेठेत मुक्काम करते, आणि आपण फूटपाथवर उभे राहून तिचे फोटो काढतो.

दिंडीचा रोजचा कारभारही पाहण्यासारखा आहे. भिशी भरून नाव नोंदवायचं. सामानाचा ट्रक, तंबू, स्वयंपाकी, सगळं त्यातून. कुणाचा पाय सुजला की त्याला ट्रकमध्ये बसवतात. गर्दीत कुणी म्हातारी चुकली तर तिला पहिला प्रश्न विचारला जातो, "माउली, दिंडी नंबर किती?" तिला कुठेतरी नेऊन पोचवायचं आहे, तिची वाट पाहणारं कुणीतरी आहे, हे त्या प्रश्नातच धरलेलं असतं. आयटी दिंडीतून आळंदी ते पुणे चालणाऱ्या तरुणांना 'एक दिवसाचे वारकरी' म्हणून हिणवलं जातं. मला ते पटत नाही. आठवडाभर स्क्रीनशी बोलणाऱ्या माणसाला अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटतं आणि तोही उलट आपल्या पाया पडतो, याचं मोल कमी नाही. ते एका दिवसात संपू नये, एवढंच मला वाटतं.

भाबडेपणाने नाही असं म्हणालो ते अशासाठी की या सोबतीच्याही भिंती होत्या. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिली. पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली पुण्यात अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. ज्या सोबतीत काही जणांना कायमचं उंबऱ्याबाहेर ठेवलं जातं ती सोबत म्हणवून घ्यायला पात्र नाही, आणि आजही कोणत्याही धर्माच्या संस्थेला ही कसोटी लावली पाहिजे. बाबासाहेबांनी ती लावली. धर्म माणसासाठी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये मुंबईत बजावलं, आणि नंतर धर्म सोडून न देता नवा स्वीकारला. दीक्षा घेण्याआधी दोन वर्षं, २५ डिसेंबर १९५४ रोजी, त्यांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तुकोबांच्या देहूपासून थोड्याच अंतरावर. इतका कठोर तर्कनिष्ठ माणूस धर्म ठेवायचं ठरवतो, कारण नुसत्या कायद्याच्या धाग्याने समाज बांधला जात नाही हे त्याने जाणलेलं असतं.

जोतीरावांनीही हेच केलं होतं. भटाशिवाय लग्न लावा, एवढं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी पर्यायी विधी दिला, स्वतः मंगलाष्टकं रचली, त्यांत वधूच्या तोंडी तिच्या हक्काची मागणी घातली. आजच्या विवेकवादी चळवळीतल्या माझ्या मित्रांना मला कळकळीने सांगायचं आहे की खंडन पुरेसं नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याला तेराव्याचा खर्च व्यर्थ आहे हे सांगणं सोपं आहे. त्या तेरा दिवसांत घरात माणसांचा राबता असतो, कुणी डबा आणतं, कुणी रात्री झोपायला थांबतं. हे आपण कशाने भरून काढणार? देहदानाचा अर्ज भरून दिला तरी चौथ्या दिवशी त्या घरी कोण जाणार?

पुणेकरांना हे जमत नाही असं नाही. राज्यातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. त्या आषाढीला पादुका एसटीने पंढरीला गेल्या, वारी चालली नाही. पण त्याच काळात मुस्लिम तरुणांचे गट पीपीई किट घालून सर्व धर्मांच्या मृतांवर ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणे अंत्यसंस्कार करत होते, पोटची पोरं जवळ यायला धजत नव्हती तेव्हा. गुरुद्वारांतून जेवण जात होतं. गणेश मंडळांची पोरं किराण्याच्या पिशव्या पोचवत होती. दगडूशेठ गणपतीचा ट्रस्ट आजही ससूनमधल्या रुग्णांना जेवण देतो. खात्रीचा दावा नसलेला, सोबतीचा धर्म याहून वेगळा काय असतो? त्यासाठी देव मानावा लागतोच असंही नाही, पण मानणाऱ्यांनी तो केला, हे मान्य करायला न मानणाऱ्यांना जड जाऊ नये.

म्हणून धर्मसंस्थांकडे माझी मागणी चमत्काराची नाही आणि मनःशांतीचीही नाही. ती साध्या कामाची आहे. भाद्रपदाआधी वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन मंडळाचे कार्यकर्ते आपल्या भागातलं प्रत्येक दार वाजवतात. कुणाच्या घरी म्हातारी माणसं एकटी आहेत, कुणाची नोकरी गेली आहे, कुठल्या खोलीत परगावची पाच मुलं राहतात, हे त्यांच्याइतकं महापालिकेलाही माहीत नसतं. त्याच भागातल्या मशिदीच्या, चर्चच्या, विहाराच्या विश्वस्तांना आपापल्या लोकांबद्दल हे ठाऊक असतं. या सगळ्यांनी उत्सव संपल्यावर महिन्यातून एकदा, पावतीपुस्तक न घेता, तीच दारं पुन्हा वाजवावीत, आणि एकमेकांच्या वस्तीतलीही वाजवावीत. मंडप, ढोल आणि रोषणाईच्या खर्चासोबत वर्षाच्या अहवालात हा जमाखर्चही छापावा: कुणाला दवाखान्यात नेलं, कुणाची फी भरली, निकालाच्या दिवशी कुठल्या अभ्यासिकेबाहेर कोण थांबलं. यासाठी नवी संस्था काढावी लागणार नाही. पत्ते त्यांच्याकडे आधीपासूनच आहेत.